नैवेद्याआधी काढून ठेवलेलं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळाच्या आदल्या रविवारी धाराशिवहून गावाकडे येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी ठरवून टाकलं, की यापुढे प्रभूविषयी कुणालाही एक शब्द सांगायचा नाही. आपण विश्वास ठेवायचा, प्रार्थना करायची, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं, पण दुसऱ्याच्या कानावर काही घालायला जायचं नाही. हे मी प्रार्थना करून ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी ते रागाच्या भरात ठरवलं. मला राग फार लवकर येतो. मी नोकरीत होते तेव्हा गावातल्या बाया इंजेक्शनपेक्षा मलाच जास्त भीत असत. ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण पुढे जे घडलं त्याची सुरुवात माझ्या या रागापासूनच झाली.

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. आमचं गाव तेरच्या बाजूला, तेरणेच्या काठाजवळ. बदली होऊन आले तेव्हा मुलगी कडेवर होती. पुढे बदलीचे दोन-तीन योग आले, पण गावाने सोडलं नाही आणि मलाही सोडवेना. आता मिस्टर नाहीत, मुलगी पुण्याला असते आणि मी निवृत्त होऊन इथेच राहिले आहे. गावात ख्रिस्ती घर माझं एकटीचंच. सगळे मला सिस्टरबाई म्हणतात, पोरंसोरंसुद्धा. नोकरीत असताना कुणाच्या घरी दुखणं बघायला गेले तर देवाधर्माचं कधी काढलं नाही. आजारी माणूस आपल्या हातात सापडलेला असतो, त्याला बसवून ऐकवणं मला बरं वाटत नसे. निवृत्तीनंतर मात्र माझ्या ओट्यावर जी बाई येऊन बसेल तिला मी मोकळेपणाने प्रभूच्या गोष्टी सांगू लागले.

येऊन बसणाऱ्यांत रोजची म्हणजे शेजारच्या कौसाबाई. त्यांचं घर माझ्या घराला लागून, शेत ओढ्यापलीकडे. वयाने आम्ही बरोबरीच्या. त्यांची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. इतक्या वर्षांची ओळख, तरी आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो, आणि त्यातच आम्हाला जवळीक वाटते. दुपारची भांडी झाली की त्या सुपात डाळ नाही तर शेंगा घेऊन येत, खांबाला टेकून निवडायला बसत, आणि मी गोष्ट सांगायला घेई. ऐकताना त्यांची मान खाली असायची, हात चालू असायचे. मध्येच असं काहीतरी विचारत की मला उत्तर सुचू नये. हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव सोडून गेला, असं मी भक्तिभावाने सांगत होते, तर म्हणाल्या, "मग त्या नव्व्याण्णवांपाशी कोण हुतं? लांडगं नव्हतं का तिकडं?" मी त्यांच्यावर चिडले. त्या हसल्या आणि परत शेंगा फोडायला लागल्या. गोष्ट संपली की एकच वाक्य ठरलेलं, "तुमचा देव लई चांगलाय बगा." मग सूप उचलून घरी जात, आणि नवरात्र आलं की तुळजापूरला.

मला कौसाबाईंची फार माया आहे. म्हणूनच मला वाटे, की मला जे मिळालं ते त्यांनाही मिळावं. अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत होते आणि अकरा वर्षं त्या डाळ निवडत होत्या.

त्या रविवारी उपासना झाल्यावर भगिनी मंडळाची सभा होती. मंडळाच्या नव्या चिटणीसबाई उत्साही आहेत, मनाने चांगल्या आहेत. त्यांनी सुचवलं की प्रत्येकीनं उभं राहून सांगावं, यंदा आपण कुणाला प्रभूकडे आणलं. एकीने आपल्या जावेचं सांगितलं, दुसरीने कारखान्यावरच्या एका कुटुंबाचं. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं, मीही म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडून कुणी नाही." मागच्या वर्षी असं कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी माझं उत्तर हेच होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षीही. मागून कुणीतरी प्रेमानेच म्हणालं, "सिस्टर, तुमच्या गावची जमीन खडकाळ दिसतेय." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते मनाला लागलं. एसटीत बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईसाठी मी इतकी वर्षं जीव पाखडला तिने माझा एक शब्द मनावर घेतला नाही, तर मी देवाच्या काय उपयोगाची, असं वाटलं. गाव येईपर्यंत रडू संपलं आणि राग उरला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई सूप घेऊन आल्या. मी डोकं दुखतंय म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, मग मुलीबद्दल, मग सांधेदुखीबद्दल. नाताळाच्या करंज्या त्यांच्या घरी दिल्या, पण दरवर्षी करंज्यांबरोबर प्रभूच्या जन्माची गोष्ट सांगते ती सांगितली नाही. कौसाबाई ओट्यावर जरा जास्तच वेळ बसल्या. मग "बरं, येती," म्हणून उठल्या. त्या कशाची तरी वाट बघत होत्या, हे मला कळत होतं.

नाताळानंतर चार-सहा दिवसांनी येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडे या सणाला सारा गाव शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड पुजतात, आदल्या रात्रीपासून रांधलेली भज्जी, उंडे, आंबील, खीर यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मग जो भेटेल त्याला ओढून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही त्याला चार शेतांतली आमंत्रणं असतात. गावात त्या दिवशी कुलपं असतात किंवा कुत्री.

मी गावात आले त्या पहिल्या वर्षी कौसाबाईंचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणतात, घरी बोलवायला आले होते. तेव्हा मी तरुण होते आणि माझ्या विश्वासाबद्दल जरा ताठही. मी सरळ सांगितलं की आम्ही नैवेद्याचं खात नाही, आम्ही आमच्या देवाचे आभार मानून जेवतो. तात्या गोंधळले. मग मी शेतात गेले आणि नुसता हुरडा खाऊन परत आले. पुढच्या वर्षापासून माझं मलाच ते वाईट वाटायला लागलं, म्हणून मी एक युक्ती केली. पूजा होऊन गेल्यावर उशिरा जायचं, पुढ्यात येईल ते मुकाट्याने घ्यायचं, मनात प्रार्थना करायची आणि खायचं. त्या विषयावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी समजत होते की ते सगळे विसरले.

त्या येळवशीला मात्र मी जायचं नाही असं ठरवलं. सकाळी कौसाबाई डोक्यावर बुट्टी घेऊनच दारात आल्या, मागे त्या वर्षीच आलेली नवी सून. मी म्हटलं अंगात कणकण आहे. ते खोटं होतं. कौसाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्या सुनेला घेऊन गेल्या. घटकाभरात गावातला आवाजच संपला.

मला मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घ्यावं लागतं. त्याप्रमाणे सुई टोचून घेतली. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे, हे मी स्वतः या गावात दारोदार सांगत फिरले आहे, न ऐकणाऱ्यांना झापलं आहे. उपमा करायला म्हणून रवा काढला. तेवढ्यात मनात आलं की आधी ते पत्र लिहून टाकावं. भगिनी मंडळातून माझं नाव कमी करा, असं पत्र मला चिटणीसबाईंना लिहायचं होतं. लिहायला बसले, पहिलं पान फाडलं, दुसरं फाडलं. तिसऱ्यात एकेकीला चांगलं ऐकवत गेले आणि त्यातच रमले. उपम्याचं भान राहिलं नाही. मग डोळे जड झाले म्हणून जरा आडवी झाले.

जाग आली तेव्हा उन्हं डोक्यावर होती आणि लुगडं घामाने चिंब झालं होतं. हातपाय थरथरत होते. रक्तातली साखर उतरली आहे हे मला लगेच कळलं, हेच माझं आयुष्यभराचं काम होतं. साखरेचा डबा स्वयंपाकघरात, पंधरा पावलांवर. मी उठले आणि तिसऱ्या पावलाला खाली बसले, मग खाली पडले. फोन चुलीच्या कट्ट्यावर चार्जिंगला. हाक मारली, पण ऐकायला गावात होतं कोण? आता सांगते ते खरं सांगते. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला आणि मला शब्द सापडले नाहीत. प्रभू, एवढं म्हटलं की पुढचं निसटत होतं. भीती वाटली ती मरणाची नव्हती. मी रागात जाते आहे, त्याच्याशी अबोला धरून जाते आहे, याची भीती वाटली. माझ्या बहिणींवर लिहिलेलं ते पान टेबलावर तसंच होतं, माझ्या मुलीला ते सापडणार होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दार ढकलल्याचा आवाज आला आणि कौसाबाईंचं "अवो सिस्टरबाई" ऐकू आलं. त्यांच्या हातात डबा होता. मी काहीतरी पुटपुटले, "साखर" असं म्हणायचं होतं. त्यांना कळलं की नाही देव जाणे, पण त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, डबा उघडला आणि वरच्याच कप्प्यात गुळाची खीर होती. ती त्यांनी बोटाने माझ्या ओठांना लावली. मला गिळता येतंय असं बघून चमच्याने अगदी थोडी थोडी भरवायला लागल्या. भरवता भरवता एका हाताने त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. आधी मला वाटलं माझ्याशीच बोलतात.

"येशूबापा, म्या कौसा. ह्या सिस्टरबाईच्या शेजारची. तुमची-माझी वळख न्हाय, पर हिच्याकडनं तुमचं लई ऐकलंय. ही रोज तुमच्याशी बोलती. आज हिला बोलाय येईना, म्हणून म्या बोलती. त्या बारक्या पोरीला तुमी हाताला धरून उठिवलं, तसं हिला उठवा. त्या तळ्यावरच्या वाऱ्याला गप केलं, तसं हिचं आंग गप करा. हिला माझ्याबिगर हितं कोण न्हाय आन् मला बी हिच्याबिगर कोण न्हाय. आमेन."

मी डोळे मिटून पडले होते आणि ऐकत होते. माझ्या तोंडातून जे निघत नव्हतं ते त्यांच्या तोंडातून निघत होतं. प्रभूने मेलेल्या मुलीला उठवल्याची ती गोष्ट मी कधी सांगितली होती ते मलाही आठवेना. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. त्या दिवशी त्या शेंगा फोडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, हिचं लक्ष नाही.

पंधरा-वीस मिनिटांत माझी थरथर थांबली. कौसाबाईंनी तात्यांना फोन लावून बोलावलं. आपल्या कोपीतले पाहुणे तसेच सोडून ते आले आणि कुणाची तरी जीप करून मला तेरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. संध्याकाळी मी घरी परत आले. ते पान मी कौसाबाईंच्या देखत चुलीत घातलं.

मग मी त्यांना विचारलं, की भर सणाचं, पाहुणे पानावर असताना, अर्ध्या तासाची वाट तुडवत तुम्ही आलात कशा. त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, "तुमचं काढून ठिवलं हुतं की."

"काय काढून ठेवलं होतं?"

"तुमचं जेवान. निवदाच्या आदी काढलेलं. त्ये आता दुसऱ्याला कसं द्यायचं?"

त्यांनी सहज सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी मी हुरडा खाऊन परत गेले ते त्यांच्या जिवाला लागलं. दुसऱ्या वर्षापासून त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठत, रांधलेल्यातलं माझ्यापुरतं पहिलं बाजूला काढत, निराळ्या फडक्यात बांधत आणि कोपीच्या बाहेर बोरीखाली ठेवत. पांडवांपुढे ते कधी गेलं नाही. सासू होत्या तेव्हा सासूबाईंचं बोलणं खाल्लं, पण काढून ठेवणं सोडलं नाही. माझ्या पुढ्यात दरवर्षी आलं ते हेच. मी युक्ती करून उशिरा जात होते, मनात घाबरत प्रार्थना करत होते, आणि ही बाई जवळजवळ चाळीस वर्षं माझ्या एका वाक्याचा मान राखत होती. मला सांगावंसंही तिला वाटलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तिचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. मला गोड चालत नाही म्हणून माझ्या फडक्यात खीर कधीच नसते. त्या दिवशी मी येणार नाही म्हणून पूजेच्या आधीच माझं जेवण फडक्याऐवजी डब्यात भरलं, ते नव्या सुनेने. तिला माझ्या दुखण्याचं ठाऊक नव्हतं. तिने पहिल्याच कप्प्यात खीर भरली. वाटेत कौसाबाईंनी डब्याचं झाकण उघडून बघितलं तेव्हा त्यांना राग आला होता, परत आल्यावर पोरीला चांगलं बोलायचं असं त्या ठरवून आल्या होत्या. मी यावर काही म्हणत नाही. जे झालं ते तसंच लिहून ठेवते. ते कुणी केलं हे मला ठाऊक आहे, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरे आहे.

उठायच्या आधी कौसाबाई म्हणाल्या, "एक इचारू? तुमी सांगायचं का बंद केलं?" मी मग खरं ते सांगितलं. म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं, काही उपयोग झाला नाही असं वाटलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"मला काय वाटलं, त्ये तुमच्या देवाला ठावं. उद्याचं बी त्यालाच ठावं. पर म्या रोज कशापायी येत हुते? माझ्या घरात डाळ निवडाय जागा न्हाय का?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडले. त्याही रडल्या. मग त्यांनीच मला दटावलं, रडून परत साखर कमी होईल म्हणाल्या, आणि माझ्याकडून एक बिस्किट खाऊन घेतलं.

पुढच्या रविवारी सभेत मी स्वतःहून उभी राहिले. म्हटलं, कुणाला आणल्याचं माझ्यापाशी सांगण्यासारखं आजही काही नाही. पण मी पडले होते, माझं तोंड बंद झालं होतं, तेव्हा माझ्या शेजारणीने माझ्या प्रभूचं नाव घेऊन माझ्यासाठी मागितलं, आणि त्याने ऐकलं. कुणी हालेलूया म्हटलं नाही. चिटणीसबाई उठून आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांनाही म्हणे घरात एक माणूस आहे, ज्याला सांगून सांगून त्या दमल्या आहेत, आणि ते त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तुमच्यापैकी जी बहीण किंवा जो भाऊ असा दमला असेल त्याच्यासाठी मी हे लिहिते आहे. सांगत राहा. आपण ज्यांना सांगतो ती माणसं आपल्याला दिसतात तेवढीच नसतात. आपला कुठला शब्द कुणी कुठे जपून ठेवला आहे हे आपल्याला कळेलच असं नाही, मला कळलं ही कृपा. प्रेम करून सांगावं, रोजच्या कामात सांगावं, आणि सांगून झालं की हात सोडून द्यावेत. मी अकरा वर्षं सांगत होते खरी, पण माझी मूठ आवळलेलीच होती. कौसाबाईंचं मन मला माझ्या हाताने वळवायचं होतं. ते काम माझ्याकडे कधी दिलेलंच नव्हतं, हे मला जमिनीवर पडल्यावर समजलं.

कौसाबाईंचा बाप्तिस्मा झालेला नाही. होईल की नाही मी विचारत नाही. यंदाही त्या तुळजापूरला जाऊन आल्या आणि माझ्यासाठी बांगड्या घेऊन आल्या, त्या आत्ता माझ्या हातात आहेत. प्रार्थनेत त्यांचं नाव अजून रोज घेते, फक्त आता नाव घेऊन झाल्यावर गप्प बसते. दुपारी त्या येतात, हल्ली सूनही येते. त्यांनी विचारलेलं मला आलं नाही तर "मला ठाऊक नाही" असं म्हणते. पूर्वी म्हणत नव्हते. आता तीन वाजत आले, चहाचं आधण ठेवायला हवं. सुपाचा आवाज ओट्यावर आला आहे, आणि आज त्यांना काय सांगायचं ते माझं अजून काही ठरलेलं नाही.